रॉक गार्डनमधले बुटके रानट्यूलिप दुसऱ्या वर्षी जातात कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला घर आहे, पुढच्या उतारावर दगड रचून रॉक गार्डन केलंय. दीड वर्षापूर्वी ऑक्टोबरात बुटक्या रानट्यूलिपचे ५० कंद लावले. पहिल्या वसंतात शेजारीपाजारी थांबून बघत होते. यंदा जेमतेम पाच-सहा फुलं आली, काही ठिकाणी एकेकटं पान, बाकी जागा रिकामी. थंडी कमी पडली का, कंद काढून फ्रीजमध्ये ठेवू का, आणि जमलं तर हेच कंद पुण्याला आईच्या गच्चीत लागतील का, असं तुम्ही विचारताय.

पुण्याचं शेवटी बघू. थंडीचं आधी निकालात काढते. इंग्लंडात ट्यूलिपला थंडी कमी पडली असं मी २२ वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. ट्यूलिपच्या देठाला लांबी धरायला साधारण १२ ते १६ आठवडे गारवा लागतो, आणि तुमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च तो फुकट मिळतो. तुमचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. तिथला उन्हाळा ओला असतो, आणि या झाडाला तो कोरडा लागतो.

मी हे कुठून बोलतेय तेही सांगते, कारण बागकामात सल्ला देणाऱ्याचा पाऊस किती हे आधी विचारावं. इंग्लंडात आल्यावर पहिली सात वर्षं मी मँचेस्टरच्या दक्षिणेला राहिले, म्हणजे जवळपास तुमच्याच मातीत. चिकण माती, वर्षाला ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो बारा महिने सारखा वाटून दिलेला. तिथे मी शंभर-सव्वाशे कंद तरी कुजवले. आता केंब्रिजजवळ असते. इथे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे माझ्या बागेत हे ट्यूलिप छान येतात यात माझं कर्तृत्व बेताचंच. मध्ये अकरा वर्षं डोंगरी झाडांच्या एका छोट्या रोपवाटिकेत आठवड्याचे तीन दिवस काम केलं. खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं तिथे हात मळवून कळलेलं आहे.

आता कंदाच्या आत काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतील. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षं तोच राहतो आणि जाड होत जातो. ट्यूलिपचं तसं नसतं. दर वसंतात जुना कंद स्वतःला पूर्ण खर्च करून टाकतो आणि त्याच्या पोटात नवे कंद तयार होतात. तुम्ही लावलेला कंद आज जमिनीत नाहीच, तिथे असलीच तर त्याची पोरं आहेत. फेब्रुवारी ते मे या तीन-चार महिन्यांत पानांनी जेवढं अन्न कमावलं तेवढ्यावर त्या पोरांचा आकार ठरतो. एखादं बाळ ठरावीक आकाराच्या खाली राहिलं की पुढच्या वर्षी ते एकच रुंद पान काढतं, फूल काढत नाही. तुम्हाला दिसलेली एकेकटी पानं ती हीच.

पुढचा टप्पा लोकांना सहसा ठाऊक नसतो. पान वाळल्यावर कंद झोपला असं आपण म्हणतो, पण पुढच्या वर्षीचं फूल त्याच्या आत तयार होतं ते नेमकं याच काळात, जून ते ऑगस्टमध्ये. त्याला ऊब लागते, साधारण २० अंशांच्या आसपासची, आणि माती कोरडी लागते. पुढे हिवाळ्यात गारवा मिळाला की ते तयार फूल लांब होऊन बाहेर येतं. दोन कुलपं आहेत म्हणा ना. तुमच्याकडे दुसऱ्याची किल्ली आहे, अडलंय ते पहिल्यापाशी.

या झाडांचं माहेर बघितलं की हे लगेच समजतं. बुटक्या रानट्यूलिपातले बरेचसे तिएन शान आणि पामीर-आलायच्या उतारांवरचे आहेत, म्हणजे कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान. काही तुर्कस्तान-इराणचे. तिथे हिवाळ्यात बर्फ, वसंतात बर्फ वितळून भरपूर पाणी, आणि जूननंतर आकाश कोरडं ठणठणीत. ताश्कंदला जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. आपल्याकडचा रानकांदाही कोरड्या दिवसांत जमिनीखाली तोंड लपवून बसतो, फक्त त्याची जाग पावसाळ्याच्या तोंडावर असते आणि यांची हिवाळा सरताना.

मी निफाड तालुक्यातली, कांद्याच्या घरातली. ट्यूलिप मला पुस्तकांनी शिकवले नाहीत, ते आमच्या कांदाचाळीनं शिकवले. मान पडली की पाणी तोडायचं, कांदा काढायचा, सुकवायचा आणि चाळीत भरायचा. चाळ जमिनीपासून उचललेली, खालून वारा, बाजूंनी फटी, वर छप्पर. बाहेर चार महिने पाऊस कोसळतो आणि आत कांदा कोरडा. रॉक गार्डन ही ट्यूलिपची चाळ आहे. दगड शोभेला असतात असं समजून ती बांधली की फसते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण काश्मीरचं. तिथल्या जुन्या घरांच्या आणि मशिदींच्या छपरांवर भूर्जपत्राचे थर अंथरून वर माती टाकायची पद्धत होती, आणि त्या मातीत दर वसंतात ट्यूलिप आणि आयरिस फुलायचे. वर्षभर कुणी त्यांच्याकडे बघत नसे. विचार करा: माती उंचावर, पातळ थर, उतार असल्यामुळे पाणी थांबायला जागा नाही, उन्हाळ्यात ऊन थेट डोक्यावर. शिवाय काश्मीर खोऱ्यात आपल्यासारखा मोसमी पाऊस जोर धरत नाही, पाणी मुख्यतः हिवाळा-वसंतात मिळतं. जगातल्या कुठल्याही बागकाम करणाऱ्यानं मुद्दाम आखली असती तरी रानट्यूलिपसाठी याहून चांगली जागा जमली नसती. श्रीनगरचं २००७ साली उघडलेलं ट्यूलिप उद्यान सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं, पण ती मोठ्या संकरित ट्यूलिपची शिस्तबद्ध रांग आहे. तिचा आणि छपरावरच्या या भटक्यांचा संबंध नावापुरताच.

आता तुमच्या उताराकडे येऊ. काही करायच्या आधी उकरून बघा. जून चालू आहे, पानं पिवळी पडली असतील. जिथे कंद लावल्याची खात्री आहे अशी वीतभर जागा हातखुरप्यानं हळूच उकरा. तिथे चारपैकी काहीतरी सापडेल. तपकिरी, कागदासारखं रिकामं टरफल, आत थोडा बुळबुळीत गर आणि आंबूस वास, म्हणजे कंद कुजला. हरभऱ्याएवढे पाच-सहा कंद एकाला एक चिकटलेले, म्हणजे कंद फुटून बारीक झाला, भूक आणि ऊब दोन्ही कमी पडली. माती विस्कटलेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, म्हणजे खार. आणि चौथी शक्यता म्हणजे कंद खाली निघून गेलाय. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काही ट्यूलिप पांढऱ्या दोरीसारखा एक फुटवा खाली सोडतात आणि त्याच्या टोकाला नवा कंद धरतात. क्लुसियाना नावाची जात या बाबतीत पक्की भटकी. हिचा अतिरेक थांबवायला मी एकदा खाली सपाट पाटीचा दगड पुरला होता. दोन वर्षांनी काढून बघते तर बाईसाहेब दगडाच्या कडेनं वळसा घालून फूटभर खाली आरामात बसलेल्या.

तुमच्याकडे पहिलं आणि दुसरं दोन्ही सापडेल असा माझा अंदाज. खारीचा त्रास असेल तर लावताना वरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पुरा. त्या विषयावर याहून जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

बांधणीबद्दल तुम्ही लिहिलंय की दगड ठेवण्याआधी 'चांगला फूटभर खड्डा खणून खाली विटांचे तुकडे आणि खडी भरली'. हीच चूक मी मँचेस्टरला केली होती. चिकण मातीत खड्डा खणून त्यात खडी भरली की निचरा होत नाही, हौद तयार होतो. आजूबाजूचं सगळं पाणी त्या मोकळ्या खड्ड्यात येऊन बसतं. फेब्रुवारीत मी माझ्या खड्ड्यात हात घातला तर कोपरापर्यंत पाणी होतं. चिकण मातीत नेहमी वर जायचं, खाली जायचं नाही. मूळ जमिनीवर निदान ३० सेंटिमीटर, जमलं तर ४० सेंटिमीटर उंचीचा भराव करा. मिश्रणात मी अर्धी खडी घालते, इथे दुकानात पोत्यात मिळणारं २ ते ६ मिलिमीटरचं धुतलेलं ग्रिट. उरलेल्या अर्ध्यात निम्मी बागेची साधी माती, निम्मं कुजलेल्या पानांचं खत. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीची आठवण यावी असा पोत झाला पाहिजे: मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि बोट लावताच फुटतो. शेणखत अजिबात नको. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कंद मऊ पडतो.

दगड एक तृतीयांश तरी मातीत पुरा, मागच्या बाजूला किंचित कललेले. कंद दगडाच्या दक्षिण अंगाला लावा. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी ऊब परत देतो, आणि स्टॉकपोर्टच्या जुलैमध्ये ती ऊब सोन्यासारखी. घराच्या पन्हाळीचं पाणी या उतारावर उतरत नाही ना, तेवढं बघून घ्या. सगळ्यात वर २-३ सेंटिमीटर ग्रिटचा थर द्या. त्यानं फुलावर चिखल उडत नाही, देठाच्या मानेशी ओल राहत नाही, आणि गोगलगायींना तो टोचतो असं म्हणतात. (माझ्या गोगलगायींना टोचत नाही.)

कंद १२ ते १५ सेंटिमीटर खोल. पाकिटावर अनेकदा कमी लिहिलेलं असतं, पण उथळ लावलेला कंद लवकर फुटून बारीक होतो. वेळ नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. ऑक्टोबरात लावलेत हे फार वाईट नाही, पण उशिरा लावलेल्या कंदांना बोट्रायटिसच्या बुरशीचा धोका कमी असतो. इथे तिला 'ट्यूलिप फायर' म्हणतात: पानं भाजल्यासारखी वाकडी येतात, वर राखाडी बुरशी. दिसली की ते झाड कंदासकट कचऱ्याच्या पेटीत, आणि तीन वर्षं तिथे ट्यूलिप नाही.

आता मँचेस्टरला मला शेवटी यश कशानं दिलं ते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत मी त्या भागावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा चार विटांवर ठेवायचे, एका बाजूला उतार देऊन. बाजू सगळ्या उघड्या, वारा खेळता. दिसायला अगदीच गबाळं. घरी पाहुणे येणार असले की नवरा तो काढायचा आणि मी परत ठेवायचे. पण पहिल्याच वर्षी लिनिफोलिया नावाच्या लाल रानट्यूलिपची फुलं दुप्पट झाली. तुम्हाला पत्रा नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे दर जूनमध्ये कंद काढून, सुकवून, जाळीच्या पिशवीत गॅरेजमध्ये टांगून ठेवायचे. काम जास्त आहे, पण घरच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. फ्रीज यात कुठेच नको. त्यात सफरचंदं असतील तर त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू कंदाच्या आतली कळीच मारून टाकतो.

पाण्याचं वेळापत्रक आपल्या सवयीच्या उलटं आहे. मार्च-एप्रिल कोरडा गेला तर पाणी द्या, नक्की द्या, कारण कंद भरण्याचे दिवस ते. पानं वर येताना टोमॅटोसाठीचं पालाश जास्त असलेलं द्रवखत दोनदा. मग पान पिवळं पडायला लागलं की पाणी तोडा. आणि पान हिरवं असताना ते कापू नका, गाठी मारू नका, रबरबँड लावू नका. दिसायला वाईट दिसतं म्हणून मे महिन्यात पानं छाटणारे लोकच पुढच्या वर्षी कंद वाईट निघाल्याची तक्रार करत रोपवाटिकेत यायचे.

कुठले निवडायचे? इथे सगळं जागेवर अवलंबून आहे, तरी तुमच्या जागी मी असते तर पहिला टार्डा लावला असता. जेमतेम १०-१५ सेंटिमीटर, एका कंदाला तीन-चार-पाच फुलं, पिवळ्या चांदणीला पांढरी टोकं, आणि ओल्या उन्हाळ्याला सगळ्यांत सोशिक. दुसरा तुर्कस्तानिका, मार्चमध्येच येतो, एका देठावर झुबका, वास मात्र घ्यायला जाऊ नका. मग लिनिफोलिया, लालभडक, कडा लाटेसारख्या असलेली राखाडी पानं दगडाला चिकटून पसरतात. त्याचाच फिक्या पिवळ्या-जर्दाळू रंगाचा भाऊ बटालिनी. हे दोघे पत्र्याखाली सुखात राहतील. क्लुसियाना उंच असते, २५-३० सेंटिमीटर, पण इतकी सडपातळ की दगडात शोभते. हिचं नाव १५९३ साली लायडनला आलेल्या आणि तिथली वनस्पतीबाग उभी करणाऱ्या क्लुसियसवरून पडलं. हिचं माहेर इराण-अफगाणिस्तानपासून पश्चिम हिमालयापर्यंत, म्हणजे यादीतली आपल्या सगळ्यात जवळची. कंद हातात घेतलात तर टोकाशी टरफलातून लोकरीचा झुबका डोकावताना दिसेल.

ह्युमिलिसबद्दल मात्र माझी शिफारस अर्धवट आहे. तुमच्या पाकिटात बहुतेक हाच जास्त असावा, कारण स्वस्त मिश्र पाकिटात तोच भरतात. सकाळी नऊ वाजता बघितलात तर मळकट हिरवट कळी, काही खास नाही. साडेअकराला ऊन पडलं की तीच कळी सपाट उघडते, आत झणझणीत गुलाबी-जांभळा आणि मधोमध पिवळा किंवा शाईसारखा निळा-काळा ठिपका. ढग आला की पुन्हा मिटते. अशा फुलावर माणूस भाळतोच. पण ओल्या जागी हा दोन वर्षांचा पाहुणा. पांढऱ्यावर पोलादी निळा डोळा असलेला त्याचा प्रकार तर सगळ्यांत नाजूक आणि महाग. तो हवाच असेल तर कुंडीत लावा आणि कुंडी उन्हाळ्यात छपराखाली न्या. क्रीटचा साक्साटिलिसही सध्या नको. भाजून काढणारा उन्हाळा मिळाला नाही तर तो नुसता पानांचा गालिचा पसरवतो.

आणि उताराच्या पायथ्याशी जिथे ओल हटतच नाही तिथे काय, तर स्प्रेंगेरी. हा बुटका नाही, ४० सेंटिमीटर तरी होतो, पण ओल आणि थोडी सावली चालणारा रानट्यूलिप हा एवढाच मला माहीत आहे. मूळचा तुर्कस्तानातल्या अमास्याचा. रानात तो आता उरलेला नाही, जगतोय तो बागांमधून. मेअखेरीला, सगळे ट्यूलिप संपल्यावर येतो आणि जागा आवडली की स्वतःच बी टाकून पसरतो. बियांपासून फूल यायला पाच-सहा वर्षं धरा. रोप उगवतं तेव्हा अगदी कांद्याच्या रोपासारखा हिरवा दोरा दिसतो, त्यामुळे गवत समजून उपटू नका. अल्पाइन गार्डन सोसायटीचं सभासदत्व घेतलंत तर त्यांच्या बीज-वाटपातून असली बियाणी मिळतात. आणि एकदा एप्रिलमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पतीबागेत येऊन जा, रानट्यूलिपचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे. रोपं बघून निवडण्यात जी मजा आहे ती पाकिटावरच्या चित्रात नाही.

पुण्याच्या गच्चीचं उत्तर: नाही. मोठ्या संकरित ट्यूलिपचे कंद आधी बारा-चौदा आठवडे थंड करून डिसेंबर-जानेवारीत लावले तर पुण्यात एकदा फूल दिसतं, दुपारच्या तापमानात चार दिवसांत झडतं, आणि कंद पुन्हा उभा राहत नाही. रानट्यूलिपच्या बारक्या कंदांवर तो जुलूम करू नये. शिवाय कंद बॅगेत टाकून भारतात नेता येत नाहीत, वनस्पती-संगरोधाचा (प्लांट क्वारंटाइनचा) परवाना आणि प्रमाणपत्र लागतं. आईंना गच्चीत कंदाचंच काही हवं असेल तर मे फ्लॉवर किंवा पावसाळी लिली लावू दे. ती झाडं पुण्याच्या ऋतूंशी भांडत नाहीत.

म्हणजे आता कामाचा क्रम असा. या आठवड्यात उकरून जे कंद सापडतील ते काढा, सावलीत सुकवा, टणक तेवढे ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरात खड्ड्यातली खडी उपसून तीच वरच्या भरावात वापरा, विकत आणायची गरज नाही. टार्डा आणि लिनिफोलियाचे २०-२० नवे कंद मागवा, लागवड केलेले कंद विकणाऱ्याकडूनच. नोव्हेंबरात लावा, आणि पुढच्या जूनमध्ये पत्रा. हरभऱ्याएवढी पोरं फेकू नका, एका खोलगट कुंडीत त्याच मिश्रणात लावा. दोन-तीन वर्षांत फुलावर येतील.

कंद हाताळताना हातमोजे घाला, ट्यूलिपच्या चिकानं काहींच्या बोटांना फोड येतात. आणि सुकवलेल्या पिशव्या स्वयंपाकघरापासून लांब टांगा, कारण हे कंद विषारी असतात. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा गॅरेजमधून पिशवी घेऊन ओट्याशी आली होती, 'इथले कांदे असेच का गं बारीक?' म्हणत, आणि तेल तापलेलं होतं. तेव्हापासून मी पिशव्यांवर नावाच्या खाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिते: खायचे नाहीत.